३५०० आरपीएमच्या पुढे इंजिन फटाके फोडतंय (स्पीडुइनो, ३६-१ चाक, व्हीआर सेन्सर)

सोल्डरकाका

मंडळी, घोडं ३५०० आरपीएमला अडलंय. पुढे सरकेना.

मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. आयुष्य टीव्ही आणि अँप्लिफायर उघडण्यात गेलं, त्यामुळे बोर्ड सोल्डर करणं, हार्नेस बांधणं याची भीती नाही. इंजिनाचं शास्त्र मात्र आत्ता शिकतोय. कुणी अगदी बाळबोध करून सांगितलं तरी राग येणार नाही.

इंजिन १.६ लिटर, चार सिलिंडर, मूळ कार्बोरेटरचं. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही उतरवले. ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगीची वेळ ठरवणारा संगणक) म्हणून आर्डुइनो मेगा २५६० वर बसणारा स्पीडुइनोचा ०.४ बोर्ड, त्यावर मॅक्स ९९२६ चा व्हीआर कंडिशनर (सेन्सरच्या सिग्नलची चौकोनी लाट करणारी चिप). क्रँकच्या पुलीवर ३६-१ दातांचं चाक (३६ दातांची जागा, एक दात मुद्दाम गाळलेला, म्हणजे ईसीयूला क्रँक कुठं आहे ते कळतं), समोर भंगारातल्या दुसऱ्या इंजिनाचा दोन तारांचा व्हीआर सेन्सर. त्याचा रेझिस्टन्स ८६० ओहम भरतो. दात आणि सेन्सरमधली फट फीलर गेजने ०.८ मिमी ठेवली आहे. इंजेक्टर १४ ओहमचे. कॉइली दोन, इग्नायटर आतच असलेल्या, वेस्टेड स्पार्क (एक कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते). मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) एमपीएक्स ४२५०. वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघून लॅम्डा दाखवणारा सेन्सर) लावलाय.

आयडल ८५० ते ९०० वर छान बसतं, लॅम्डा १ च्या आसपास (१ म्हणजे हवा-पेट्रोल नेमक्या प्रमाणात, वर गेलं तर लीन म्हणजे पेट्रोल कमी, खाली गेलं तर जास्त). हळूहळू रेस दिली तर ३००० पर्यंत आवाज गोड. ३४००-३५०० आलं की पहिला हिसका, मग मागून फाट्-फाट्, आणि लॉगमध्ये आरपीएम एकदम ८-९ हजारांवर उडी मारून खाली. खरं इंजिन अर्थातच तिथं गेलेलं नसतं. सिंक लॉसचा (ईसीयूला क्रँकचा ठाव किती वेळा सुटला त्याचा) आकडा प्रत्येक वेळी चढतो.

आत्तापर्यंत केलेलं: प्लग नवीन टाकले. फ्युएल प्रेशर ३ बार, फटाके फुटत असतानाही काटा हलत नाही. व्हीई टेबलच्या (कुठल्या वेगाला आणि लोडला किती पेट्रोल, या तक्त्याच्या) ३५०० च्या आसपासच्या खान्यांत पेट्रोल वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. वाढवल्यावर किंचित बरं वाटतं, पण ते मनाचे खेळही असतील. इंजेक्टरचा डेड टाइमही (उघडायला लागणारा वेळ) मागेपुढे केला. एक मित्र म्हणतो इंजेक्टर लहान पडताहेत, मोठे घे.

एक फुटकळ गोष्ट: थंड इंजिन कधी स्टार्टर मारताच पकडतं, कधी बराच वेळ नुसतं घरघरतं आणि मग पकडतं. ते मी थकलेल्या बॅटरीच्या खात्यावर टाकलंय.

कुठून सुरुवात करू?

कार्ब_जिंदाबाद

कार्बोरेटर फेकला नाहीये ना? जपून ठेवा, एवढंच सांगतो. त्याला सिंक लॉस होत नाही.

धूरमापक

वरच्यांकडे लक्ष देऊ नका, प्रत्येक धाग्यावर हेच लिहितात.

मला हा इग्निशनचा नॉइज वाटतोय. तीन गोष्टी तपासा. पहिली, प्लग रेझिस्टरचे आहेत का? एनजीकेच्या कोडमध्ये आर हे अक्षर शोधा: बीपीआर६ईएस म्हणजे आत रेझिस्टर आहे, बीपी६ईएस म्हणजे नाही. कार्बोरेटरच्या जमान्यातल्या इंजिनाला लोक सवयीने बिनरेझिस्टरचा प्लग लावतात आणि वर तांब्याच्या गाभ्याच्या हायटेन्शन केबली. डिस्ट्रिब्युटरला काही फरक पडत नाही, मायक्रोकंट्रोलर मात्र वेडा होतो.

दुसरी, रेस देताना लॅपटॉपचं यूएसबी तुटतं का? तुटत असेल तर मुकाट्याने नॉइज समजा. तिसरी, कॉइलींची अर्थ कुठं आहे? ती थेट इंजिन ब्लॉकला हवी. सेन्सरची अर्थ परत ईसीयूच्या बोर्डावरच यायला हवी, वाटेत बॉडीला कुठेही टेकता कामा नये.

तोवर ट्रिगर फिल्टर (फार लवकर आलेल्या खुणा गाळणारी सेटिंग) अॅग्रेसिव्हवर टाकून बघा.

दातमोजणी

सोल्डरकाका, व्हीई टेबलला आता हात लावू नका. आजार म्हशीला आणि डाग पखालीला, असं चाललंय. पेट्रोल किती द्यायचं हा प्रश्न ईसीयूला क्रँक नेमका कुठं आहे हे कळल्यानंतरचा. तुमच्या ईसीयूला ते कळत नाहीये, सिंक लॉसचा आकडा तेच सांगतोय. इंजेक्टर लहान असते तर लॅम्डा लीन होत गेला असता, आरपीएमने ९ हजारांवर उडी मारली नसती. मित्राला चहा पाजा, इंजेक्टर घेऊ नका.

मला त्या "फुटकळ" गोष्टीत जास्त रस आहे. स्टार्टरवर कधी लगेच पकडणं आणि कधी न पकडणं, हे बॅटरीचंही असू शकतं. पण ३५०० ला सिंक जाणं आणि स्टार्टरवर सिंक मिळायला उशीर होणं, ही दोन्ही एकाच घरची माणसं असण्याची शक्यता मोठी.

ट्यूनरस्टुडिओमध्ये (ईसीयूच्या सेटिंगचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) टूथ लॉगर आहे. आयडलला एक लॉग घ्या आणि ३४०० वर धरून एक. गाडी उभीच ठेवा. प्रत्येक दातामधलं अंतर मायक्रोसेकंदांत मिळेल. हरवलेल्या दाताच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच आकडे इथे टाका.

फिल्टर अॅग्रेसिव्ह करू नका. कारण लॉग आल्यावर सांगते.

सोल्डरकाका

धूरमापक, प्लग बीपी६ईएस निघाले. म्हणजे बिनरेझिस्टरचे. मागवतो. यूएसबी कधीच तुटलं नाही. कॉइलींची अर्थ ब्लॉकलाच आहे.

ताई, हे घ्या आकडे.

आयडल, साधारण ९०० आरपीएम: १८४०, १८५६, १८४८, २८९०, २६६६, १८५१, १८५५
३४०० आरपीएम: ४९०, ४९१, ४८९, ७२८, ७४२, ४९०, ४९०

दात हरवलाय तिथं एक मोठं अंतर दिसेल असं वाटलं होतं. इथं दोन मध्यम दिसताहेत. लॉगरच चुकतोय का?

दातमोजणी

लॉगर नाही चुकत. सापडलं.

९०० आरपीएमला एक फेरी ६६.७ मिलिसेकंदांची. ३६ ने भागलं की एका दाताच्या वाट्याला १८५२ मायक्रोसेकंद. एक दात नाही, म्हणून तिथं दुप्पट, म्हणजे ३७०४ चं एकच अंतर हवं. तुमच्याकडे २८९० आणि २६६६. यांची बेरीज करा: ५५५६. बरोबर तीन दातांची. दुसऱ्या लॉगमध्ये ७२८ अधिक ७४२ म्हणजे १४७०, तेही ४९० च्या तिप्पट. म्हणजे कुठला दात गळत नाही आणि कुठला खोटा दात घुसत नाही. नॉइज असता तर आकडे असे शिस्तीत बेरजेला बसले नसते, कुठेतरी ६०-७० चा एखादा चिटुकला आकडा सापडला असता. खुणा सगळ्या येताहेत, पण चुकीच्या जागी पडताहेत.

व्हीआर सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तार. दात जवळ येऊ लागला की व्होल्टेज चढतं, दात बरोबर समोर आला की शून्यातून खाली जातं, दात लांब गेला की ऋण होतं आणि मग निवांत परत शून्याकडे येतं. दाताच्या मध्यावरचं हे शून्य ओलांडणं एकदम उभं असतं, कड्यासारखं. तीच वेळ पकडायची. वेग काहीही असो, ती हलत नाही.

सेन्सरच्या तारा उलट्या असतील तर सगळं चित्र आडव्या रेषेभोवती पालथं होतं. आता कंडिशनर ज्या दिशेचं शून्य पकडतो ते दाताच्या मध्यावर नसून दोन दातांमधल्या खाचेच्या मध्यावर येतं. नेहमीच्या खाचा अरुंद, त्यामुळे तिथंही आकडे सरळ दिसतात. पण हरवलेल्या दाताची खाच रुंद आहे. तिचा मध्य आधीच्या खाचेपासून दीड दातावर आणि पुढच्या खाचेपासूनही दीड दातावर. एक अधिक दोन ऐवजी दीड अधिक दीड. तुमचा लॉग नेमका हाच आहे.

आता गंमत. स्पीडुइनोच्या मिसिंग टूथ डिकोडरमध्ये एकच दात कमी असेल तर "हरवलेला दात आला" हे ठरवायची अट अशी: हे अंतर आधीच्या अंतराच्या दीडपटीपेक्षा मोठं हवं. दीडपट! तुमचं अंतर बरोबर त्या उंबरठ्यावर उभं आहे. आयडलला २८९० भागिले १८४८ म्हणजे १.५६, पास. ३४०० ला ७२८ भागिले ४८९ म्हणजे १.४९, नापास. रुंद खाचेत सिग्नल जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे शून्याची जागा वेगाप्रमाणे थोडी सरकते. तेवढं सरकणं पुरतं. डिकोडरला खाच सापडली नाही की सिंक गेलं, ठिणगी थांबली, न जळलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये गेलं, आणि तुमचे फटाके. स्टार्टरवर पिस्टन कॉम्प्रेशनवर चढताना क्रँक मंदावतो, उतरताना पळतो. तिथं १.५ च्या आजूबाजूला नशिबाचा खेळ होतो, म्हणून कधी लगेच पकडतं आणि कधी नाही. बॅटरीवर उगाच आळ घेतलात.

फिल्टरबद्दल. अॅग्रेसिव्ह म्हणजे आधीच्या अंतराच्या ७५ टक्क्यांआधी जे काही येईल ते गाळायचं. दीडपट अंतर खाच म्हणून ओळखलं गेलं नाही, तर त्यानंतरचा खरा दात १ वर येतो आणि १.५ चे ७५ टक्के होतात १.१२५. म्हणजे खरा दातच कचऱ्यात. रोग तसाच, वर लॉग वाचणं अशक्य.

टर्बोस्वप्न

मग काका तारा कशाला उचकटताय? सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगर एज (लाटेची चढती कड पकडायची की उतरती) रायझिंगचं फॉलिंग करा. दोन क्लिक. माझ्या हॉल सेन्सरला मी तेच केलं होतं.

दातमोजणी

हॉल सेन्सरला चालतं, कारण त्याच्या दोन्ही कडा दाताच्या कडांशी बांधलेल्या असतात. व्हीआरला नाही. कंडिशनरच्या चौकोनी लाटेची एक कड शून्य ओलांडण्यावर पडते. दुसरी पडते सिग्नल ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर, आणि मॅक्स ९९२६ मध्ये ती उंचीही सिग्नलच्या शिखरानुसार बदलत राहते. एज बदलून तुम्ही शून्याची चुकीची कड सोडून उंचीची डुगडुगणारी कड निवडाल. टायमिंग वेगाबरोबर भटकेल. आणि वाईट म्हणजे सिंक कदाचित टिकेलही, मग महिनोन् महिने कळणारच नाही की ठिणगी कुठं पडतेय. व्हीआरच्या तारा तारांच्याच जागी सुलट्या करायच्या.

सोल्डरकाका

डोक्यात लख्ख पडलं. स्पीकरचा फेज उलटा लावल्यासारखं आहे हे, आयुष्यभर हेच तर दुरुस्त केलं. पण ताई, सेन्सरच्या दोन्ही तारा काळ्या आहेत. ना ठिपका, ना पट्टी. प्लस कुठली हे ठरवायचं कसं? ऑसिलोस्कोप विकला, त्याला आता बरीच वर्षं झाली.

दातमोजणी

ऑसिलोस्कोप नको. सुईचा जुना मीटर असेलच तुमच्याकडे. सगळ्यात खालच्या डीसी व्होल्ट रेंजवर ठेवा, सेन्सर कनेक्टरपासून सुटा करा आणि तोंडाशी लोखंडी स्क्रूड्रायव्हर झटकन न्या. सुई एका बाजूला लचकेल. झटकन दूर न्या, उलट्या बाजूला लचकेल. लोखंड जवळ येताना सुई उजवीकडे जाते तेव्हा मीटरची लाल पिन ज्या तारेवर आहे ती प्लस. ती कंडिशनरच्या प्लसला. डिजिटल मीटर वापरू नका, तो झटका संपेपर्यंत विचारच करत बसतो.

तारा बदलल्यावर लगेच पळवू नका. खुणा आता खाचेच्या मध्यावरून दाताच्या मध्यावर येतील, म्हणजे अर्धा दात. ३६ च्या चाकाला एक दात १० अंशांचा, म्हणून ठिणगी साधारण ५ अंश उशिरा पडताना दिसेल. ट्यूनरस्टुडिओमध्ये टायमिंग १० अंशांवर फिक्स करा, टायमिंग लाइट मारा आणि लाइटमध्ये १० दिसेपर्यंत ट्रिगर अँगल (चाकाची खूण आणि क्रँकची जागा यांतलं अंतर) बदला. मग २५०० पर्यंत नेऊन बघा. खूण हलायला नको. हलली तर पुन्हा इथे लिहा, पुढे जाऊ नका.

स्पार्क आउटपुट गोइंग लो (सिग्नल खाली पडताना ठिणगी) आहे ना, तेही एकदा बघून घ्या. ते उलटं असतं तर कॉइली केव्हाच हात भाजण्याइतक्या तापल्या असत्या, तेव्हा ठीकच असणार.

सोल्डरकाका

स्क्रूड्रायव्हर जवळ नेला, सुई डावीकडे. कनेक्टरमधल्या दोन पिना काढून अदलाबदल केली.

आयडल: १८५०, १८५३, ३७०१, १८५२, १८५४
३४००: ४९०, ४९०, ९८१, ४९०, ४९१

एवढे सुंदर आकडे बऱ्याच काळात पाहिले नव्हते. प्रिंट काढून बाकावर चिकटवलीय, बायकोने विचारलं हा कुणाचा फोन नंबर.

टायमिंग लाइटमध्ये फिक्स १० ला सुमारे ५ दिसत होतं, तुम्ही म्हणालात तसंच. अँगल सुधारला. आता ९०० ते २५०० खूण खिळल्यासारखी जागेवर. थंड इंजिन दोन-तीन फेऱ्यांत पकडतं, जुन्याच बॅटरीवर. ५५०० पर्यंत नेलं, फटाका नाही.

दोन गोष्टी राहिल्या. ३५०० च्या खान्यांत मी जे पेट्रोल ओतून ठेवलं होतं त्यामुळे तिथं आता लॅम्डा ०.७८. काळा धूर. दुसरी, सिंक लॉसचा आकडा अजूनही कधीतरी एकाने वाढतो. वेगाशी संबंध नाही, उभ्या गाडीतही वाढला. लक्ष ठेवून पाहिलं तर रेडिएटरचा पंखा सुरू होतो त्याच क्षणी.

धूरमापक

हा मात्र माझा नॉइज. पंख्याची अर्थ कुठल्या बोल्टवर आहे?

सोल्डरकाका

बोर्डाची पॉवर अर्थ आणि पंख्याची अर्थ एकाच बोल्टवर, बॉडीला. तो बोल्ट हाताशी होता.

धूरमापक

पंखा सुरू होताना मोटर क्षणभर जो करंट ओढते त्याने त्या बोल्टवरचं "शून्य" शून्य राहत नाही, आणि बोर्ड त्यालाच शून्य मानून बसलेला असतो. अँप्लिफायरमध्ये हम कुठून येतो हे तुम्हाला मी काय सांगणार! बोर्डाच्या सगळ्या पॉवर अर्थ एकत्र करून थेट ब्लॉकवर न्या. पंखा राहू दे बॉडीवर. व्हीआरची तार शिल्डची आहे ना? शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडायची, सेन्सरच्या टोकाला मोकळी. आणि प्लग बदलायचे ते बदलाच, आत्ता त्रास नाही म्हणून सोडू नका.

दातमोजणी

सहमत. फिल्टर वीकवर ठेवा, त्याहून वर नको. व्हीईसाठी ३००० च्या पुढचे खाने जुन्या सेव्ह केलेल्या फाइलमधून परत घ्या आणि तिथून नव्याने सुरू करा. मधल्या काळातला एकही लॉग ट्यूनिंगला वापरू नका. त्यात सिंक गेल्यावरचे लॅम्डाचे आकडे आहेत: ठिणगी न पडलेल्या सिलिंडरची हवा तशीच बाहेर जाते आणि वाइडबँडला त्यातला ऑक्सिजन दिसतो, मग तो "लीन" म्हणतो. तुम्ही पेट्रोल वाढवत गेलात ते त्याच्या सांगण्यावरून.

टर्बोस्वप्न

अरे, म्हणून पेट्रोल वाढवल्यावर लॅम्डा बरा दिसत होता काय. माझ्याही लॉगमध्ये असे काही लीन शेंडे आहेत. आज रात्री टूथ लॉग घेतो.

सोल्डरकाका

अर्थ ब्लॉकवर नेली, प्लग बीपीआर६ईएस टाकले, शिल्ड एका टोकाने मोकळी केली. पंखा मुद्दाम चालू-बंद करत बसलो. आकडा शून्यावर.

जुनं व्हीई परत टाकून थोडं सुधारलं. पूर्ण थ्रॉटलला ४००० च्या पुढे लॅम्डा ०.८७ आहे. टर्बो नाही, साधं पेट्रोल इंजिन. चालेल का?

दातमोजणी

चालेल. तिथंच ठेवा. हलक्या लोडवर १ च्या जवळ आणा आणि थोडे दिवस नुसती चालवा.

कार्ब_जिंदाबाद

कार्बोरेटर विकणार असाल तर आधी मला विचारा.